नऊ फूट सात इंचावरची रिंग

आधीच सांगून टाकतो, आम्ही स्पर्धा जिंकली न्हाई. न्हाईतर कुणी शेवटपर्यंत वाचंल आन् म्हणंल ह्यानं फसवलं. मी फॅब्रिकेशनवाला हाय. शिरूरला बायपासच्या कडंला माझं पत्र्याचं वर्कशॉप हाय. गेट, ग्रील, जिना, शेड, ट्रॅक्टरची ट्रॉली, लोखंडाचं जे असंल ते करतो. वय सत्तावीस. दिवाळी अंकात कामाचे अनुभव लिहिणारी माणसं रिटायर असत्यात हे मला म्हाईत हाय. पण ह्या अंकाच्या संपादक ताईंच्या घरचा जिना मी बसवला, चहा पिताना ही गोष्ट सांगितली, तर त्या म्हणल्या, जशी सांगितली तशी लिहून द्या. म्हणून मोबाईलवर टाईप करतोय. चुका त्या बघतील.

लोकांना वाटतं आमचं काम म्हंजी वेल्डिंग. ठिणग्या उडत्या, लोक लांबून बघत्यात. पण वेल्डिंग तर शेवटी येतं. खरं काम टेपचं, म्हंजी मापाचं. आन् मापात बी आकडा कुणालाबी वाचता येतो, माप कुठून कुठपर्यंत घ्यायचं ते कळायला डोकं लागतं. धंद्याच्या पहिल्या वर्षी कवठे येमाईच्या एका आप्पांनी वस्तीवर गेट करून घेतलं. वर कमान पायजे, कमानीवर घोडा पायजे. उंची किती, तर ट्रॉली जाईल एवढी. मी ट्रॉली मोजली, वर एक फूट सोडला, कमान बसवली, घोडा बसवला. आठ दिवसांनी ट्रॉली कडबा भरून आली आन् पहिला घोडाच खाली आला.

मी म्हणलं, "आप्पा, माप तर तुम्हीच दाखवलं."

आप्पा म्हणले, "मी ट्रॉली दाखवली. कडब्याचं तू विचारायचं."

बरोबर हाय की न्हाई. कमान फुकट वर करून दिली आन् त्या दिवसापासून मी शहाणा झालो असं मला वाटत व्हतं.

आता कॉलेजचं. शिरूरच्या एका कॉलेजात बास्केटबॉलचे दोन्ही खांब मी उभे केलेत. चार वर्षं झाली. माझं ते पहिलंच खेळाचं काम, त्यामुळं लई जीव लावून केलं. रिंगला आतून बाहेरून घासलं, बोट फिरवलं तरी टोचायचं न्हाई. नंतर कधी त्या रस्त्यानं गेलो की गाडी हळू करून बघायचो, पोरं खेळत्यात का. आन् एक पोरगी हमखास दिसायची. अश्विनी. निमोण्याची. घरची शेती, शेवंती आन् कांदा. सकाळची एसटी पकडून यायची आन् तास सुरू व्हायच्या आधी अर्धा तास एकटीच बॉल टाकत बसायची. दहातले आठ आत. मी खोटं सांगत न्हाई, कॅन्टीनवाला बी हातातलं काम सोडून बघायचा.

पण दर वर्षी दौंडला इंटरकॉलेजची स्पर्धा असती आन् तिथं गेलं की ह्या पोरी पहिल्याच मॅचला हरून यायच्या. दोन वर्षं लागोपाठ. त्यात बी अश्विनीचा एक बॉल आत जायचा न्हाई. कॉलेजात सगळ्यांनी ठरवून टाकलं की ही बाहेर गेली की घाबरती. ऑफिसातले एक क्लार्क टीमच्या जाण्यायेण्याचा अर्ज बघून म्हणायचे, "निघाली का दौंडची सहल?" आधीच्या सरांनी तिला सकाळी डोळे मिटून श्वास घ्यायला लावला. कुणी म्हणलं, गर्दीकडं बघू नको. आन् गेल्या वर्षी ती शेवटच्या वर्षाला व्हती. म्हंजी ही स्पर्धा झाली की तिचं बास्केटबॉल संपलं. तिला जास्त काय नको व्हतं. एक मॅच, फक्त एक, जिंकायची व्हती.

त्या थंडीत टीमला न्यायला मी गेलो, कारण ठरलेल्या गाडीचा ड्रायव्हर आदल्या दिवशी फिरला आन् आमच्या मामाची क्रूझर हाय. मामा म्हंजी आईचे भाऊ, त्यांच्याच हाताखाली मी हे काम शिकलो. मॅच शुक्रवारी अकरा वाजता व्हती. गुरुवारी सकाळी प्रत्येक टीमला तिथल्या मैदानावर प्रॅक्टिसला अर्धा तास मिळणार व्हता. जायचं, प्रॅक्टिस करायची, परत यायचं, शुक्रवारी पुन्हा जायचं. दहा पोरी आन् खेळाच्या शेळके मॅडम. मॅडम त्याच वर्षी नवीन आलेल्या, स्वतः खो-खोच्या. बास्केटबॉल पुस्तक वाचून शिकल्या हे त्या स्वतःच सांगायच्या. माणूस एकदम सरळ.

नऊला आमच्या पोरी मैदानात उतरल्या. पलीकडं रेल्वेच्या शिट्ट्या चालू व्हत्या. मी पायरीवर चहाचा कप घेऊन बसलो. मला काय काम न्हाई, म्हणून मी आपला माझ्या धंद्याच्या नजरेनं खांब बघत व्हतो, जोड कसा मारलाय, रंग कुठला हाय.

टीममधी तेजल म्हणून एक उंच पोरगी हाय. तिची एक पद्धत हाय. मैदानात पाऊल टाकलं की पळत जायचं, उडी मारून रिंगच्या जाळीला बोट लावायचं आन् ते बोट कपाळाला लावायचं. देवळात घंटा वाजवत्यात तसं. शिरूरला मी शंभर वेळा बघितलंय, एकदा बी चुकली न्हाई. इथं ती पळाली, उडी मारली आन् बोट हवेत फिरलं. जाळी लागलीच न्हाई.

बाकीच्या हसल्या. एक म्हणली, "डबा जास्त झाला का गं?"

तेजल म्हणली, "पाय जड झालेत गाडीत बसून," आन् पुन्हा उडी मारली. पुन्हा न्हाई.

मी पण हसलो. मग अश्विनीनं बॉल टाकायला सुरवात केली.

पहिला रिंगच्या पुढच्या कडंला. टण्. दुसरा तिथंच. टण्. लोखंडाचा आवाज मला कळतो. पुढच्या कडंला लागलं की वेगळा वाजतो, बाजूला लागलं की वेगळा, कारण मागं प्लेट असती. मी चहा खाली ठेवला आन् मोजायला लागलो. दहा बॉल टाकले, आठ पुढच्याच कडंला, दोन त्याच्याबी अलीकडं. डावीकडं न्हाई, उजवीकडं न्हाई, लांब एक बी न्हाई. बरोबर समोर, बरोबर थोडा कमी.

मॅडम म्हणत व्हत्या, "अश्विनी, रिलॅक्स हो. आज मॅच नाहीये. कुणी बघत नाहीये."

ती म्हणली, "व्हय मॅडम." पण तिचं तोंड मी बघितलं. ती घाबरलेली न्हाई, लाजलेली दिसत व्हती. पुढच्या नंबराची टीम कडंला येऊन उभी व्हती, त्यातली एक दुसरीला म्हणली, "शिरूरचं दर वर्षी हेच असतं." अश्विनीनं ऐकलं. मी बी ऐकलं.

आन् तवा माझ्या डोक्यात आलं की घाबरलेल्या माणसाचा नेम सगळीकडं चुकतो. एकदा इकडं जाईल, एकदा तिकडं. हिचा एकाच जागी चुकतोय. असं फक्त मापात चूक असली की व्हतं. चुकीच्या मापानं ग्रीलचे शंभर गज कापले तरी शंभरच्या शंभर सारखेच चुकत्यात.

मग मी बाकीच्या पोरींकडं बघितलं. सगळ्यांचेच बॉल पुढच्या कडंला.

मला आधी वाटलं इथली रिंग उंच असंल. टेप माझ्या कमरंला कायम असतो. दुसऱ्या टोकाची रिंग मोकळी व्हती, तिकडं गेलो, स्टीलची पट्टी सरळ वर सारली, हूक रिंगला अडकवला आन् खाली वाकून वाचलं. दहा फूट. सुतभर इकडं न्हाई की तिकडं न्हाई. जगात कुठंबी जा, बास्केटबॉलची रिंग जमिनीपासून दहा फुटावर असती.

आन् तिथंच उभ्या उभ्या मला आमचे खांब दिसले. मी ते उभे केले तवा मैदान मातीचं व्हतं. मातीपासून रिंगपर्यंत बरोबर दहा फूट मोजून दिलं व्हतं. वर्षभरानं कॉलेजनं मैदानावर काँक्रीट टाकून घेतलं, ते काम दुसऱ्याचं. त्यानं खांब हलवले न्हाईत, भोवतीनं ओतून टाकलं. नंतर मला रंग मारायला बोलावलं. खांबाच्या बुडाला बेसप्लेटचे चार नटबोल्ट असत्यात, ते दिसत नव्हते, काँक्रीटखाली गेले व्हते. ते दिसत न्हाईत हे मला दिसलं व्हतं. मला एवढंच वाटलं, बरं झालं, आता गंजणार न्हाईत.

मी मामाला फोन लावला. "मामा, कॉलेजात जा आन् रिंगचं माप घेऊन सांगा."

"आत्ता?"

"आत्ता."

पंधरा मिनिटांनी फोन आला. "नऊ फूट सात इंच."

"नीट बघा मामा."

"तुला टेप वाचायला कुणी शिकवलं रं?" म्हणले आन् फोन ठेवला.

पाच इंच. दोन वर्षं ह्या पोरींनी रोज पाच इंच खालच्या रिंगवर हात बसवला व्हता. जितका सराव केला तितका हात पक्का चुकत गेला. आन् सगळ्यात जास्त सराव केला अश्विनीनं.

आता खरं सांगतो. माझ्या मनात आलं की गप बसावं. स्पर्धा झाली की एका रविवारी गुपचूप जाऊन रिंग वर घ्यावी, कुणाला कळणार न्हाई. नवीन पोरी नवीन हातानं खेळतील. हे पूर्ण दोन मिनिटं मनात व्हतं. मग वाटलं फक्त मॅडमला सांगावं. पण प्रॅक्टिस संपली आन् अश्विनी एकटी बाजूला भिंतीकडं तोंड करून बसली, डोळे मिटून, मागच्या सरांनी शिकवलेला श्वास घ्यायला लागली. ते मला बघवंना.

मी सगळ्यांना गाडीपाशी बोलावलं आन् सांगून टाकलं. खांब कवा बसवले, काँक्रीट कवा पडलं, नटबोल्ट झाकलेले मला कसे दिसले, आन् मी माप घेतलं न्हाई ते. मॅडम म्हणल्या, "माझं पण चुकलं. मी रिंग मोजायला पाहिजे होती. पुस्तकात पहिल्याच पानावर आहे."

तेजल म्हणली, "म्हंजी माझे पाय जड नव्हते."

अश्विनीनं हातातला बॉल खाली ठेवला. मग हळूच म्हणली, "म्हंजी मी घाबरत नव्हते."

"न्हाई," मी म्हणलं. "तुझा हात बरोबर व्हता. रिंग चुकीची व्हती. माझी."

"दोन वर्षं मला सगळे म्हणत व्हते. मी घरी बी सांगितलं की मी घाबरते म्हणून."

मी म्हणलं, "माफ कर."

ती म्हणली, "ते राहू द्या दादा. रिंग वर घ्यायला किती वेळ लागंल?"

"एकीला दोन तास."

"मग गाडी काढा."

पाटस, चौफुला, न्हावरा. कारखान्यांचा सीझन चालू, रस्त्यानं उसाच्या ट्रॉल्या, एकीच्या मागं एक. मी आयुष्यात एवढे हॉर्न कधी वाजवले न्हाईत. मागं पोरी डबे खात व्हत्या. अश्विनीनं मॅडमच्या वहीत आकृती काढली व्हती, बॉल कसा जातो, पाच इंचानं काय फरक पडतो. ती मला विचारायची, दादा, रिंगचा घेर तेवढाच हाय ना. मी म्हणायचो, घेर बरोबर हाय, शपथ.

साडेबाराला शिरूरला पोचलो आन् आठवलं, गुरुवार. आमच्याकडं गुरुवारी दुरुस्तीला लाईट बंद असती. ड्रील चालणार कसं? मामा गेटवरच उभे व्हते, शेजारी मांडववाल्याचा जनरेटर. फोन ठेवल्यावर त्यांनी पुढचं सगळं ओळखलं व्हतं. मला फक्त एवढंच म्हणले, "रंग मारायला डोळं लागत न्हाईत का रं?" मी ड्रील उचललं. दुसरं काय करणार.

काम असं व्हतं. खांबाला पुढं दोन हात असत्यात, त्यांना बोर्डाची मागची फ्रेम चार बोल्टनं बसवलेली असती आन् बोर्डाला रिंग. हात हलवायचे म्हंजी कापाकापी, तेवढा वेळ न्हाई. म्हणून फ्रेमला पाच इंच खाली नवी चार भोकं पाडायची. त्या भोकांत बोल्ट घातले की अख्खा बोर्ड पाच इंच वर जातो, आन् त्याच्याबरोबर रिंग. ऐकायला सोपं हाय. पण बोर्ड जड असतो आन् बोल्ट घालेपर्यंत तो कुणीतरी उचलून धरायला लागतो. मी खांबाच्या डोक्यावरनं दोरी टाकली. पोरींनी स्वेटर कमरंला बांधले आन् दोरी धरली. मी शिडीवर, मामा दुसऱ्या शिडीवर, खाली मॅडम खो-खोच्या आवाजात, "ओढा, थांबा, अर्धा इंच, थांबा."

तेजल म्हणली, "दादा लवकर, हात तुटतोय."

मामा वरनं म्हणले, "उद्या एवढ्याच ताकदीनं खेळा, समोरच्या पळून जातील."

एक बोल्ट बसंना. भोक सुतभर सरकलं व्हतं. मी कानस घेतली आन् घासत बसलो आन् खाली दहा पोरी दोरी धरून उभ्या, एकीनं बी सोडली न्हाई. अडीचला चौथा नट आवळला. खाली उतरून टेप लावला. दहा फूट. अश्विनीनं माझ्या हातातनं टेप घेतला आन् स्वतः मोजलं. बरोबर केलं.

मग सुरू झालं. मला वाटलं व्हतं आता रिंग नीट झाली म्हंजी बॉल जातील. कुठलं काय. सगळे पुढच्या कडंला. हाताला सवय पडली की हात ऐकत न्हाई, हे मला वेल्डिंगमधनं म्हाईत हाय. अश्विनीचे पहिले वीस-पंचवीस तर नुसते टण् टण्. मी दुसऱ्या खांबाचं काम घेतलं, पण कान तिकडंच. मॅडमनी पुस्तक बंद करून पिशवीत टाकलं आन् म्हणल्या, "मला बास्केटबॉलचं येत नाही, पण खो-खोत खो मिळाल्यावर बसल्या जागेवरून उठायचं असतं तेव्हा जोर गुडघ्यातून लावतात. हात तसाच ठेव. गुडघा जास्त वाक."

अश्विनीनं गुडघा वाकवला. बॉल मागच्या बोर्डाला जाऊन आपटला. लांब गेला.

"लांब गेला मॅडम," ती म्हणली आन् दिवसात पहिल्यांदा हसली. दोन वर्षांत तिचा बॉल तिथं पहिल्यांदाच लांब गेला असंल.

मग कमी, लांब, कमी, लांब करत करत चारच्या पुढं एक आत गेला. मग पाच-सहा टाकल्यावर अजून एक. कॅन्टीनवाला चहा घेऊन आला, कुणी घेतला न्हाई, गार झाला. तेजल मधीच जाऊन उडी मारून यायची, जाळी काय लागायची न्हाई. "दादा, तुम्ही मला बुटकी केली," म्हणून जायची. निमोण्याची एसटी गेली. अश्विनीनं घरी फोन केला, "उशीर व्हईल आबा. न्हाई, काय झालं न्हाई. रिंग खाली व्हती. आल्यावर सांगते." दिसायचं बंद झालं तवा थांबल्या. शेवटच्या दहातले पाच आत. आठ न्हाई, पाच.

शुक्रवारी मॅच. समोर इंदापूरकडची टीम, धिप्पाड पोरी. मी पायरीवर बसलो, आज चहा घेतला न्हाई. पहिल्या भागात आमचं काय खरं नव्हतं. अश्विनीचे तीन बॉल पुढच्या कडंला आन् आम्ही अकरा पॉइंटनी मागं. माझ्या शेजारी कुणीतरी म्हणलं, ही तीच ना, घाबरणारी. मी त्याच्याकडं वळून म्हणलं, "ती घाबरत न्हाई. मी रिंग खाली बसवली व्हती." तो माझ्याकडं बघून दोन पायऱ्या लांब जाऊन बसला.

ब्रेकमधी पोरी पाणी प्यायला आल्या. मॅडम काय म्हणल्या ते ऐकू आलं न्हाई. अश्विनी कुणाचंच ऐकत नव्हती, नुसती उभ्या जागी गुडघे वाकवून बघत व्हती, खाली वर, खाली वर. शिट्टी वाजली. पुढचा बॉल तिनं बाजूनं टाकला आन् तो रिंगला न लागता आत गेला, जाळीचा नुसता सप्प असा आवाज. त्या मैदानावर आत गेलेला तिचा पहिला बॉल. तिनं हात वर केले न्हाईत, काय न्हाई, वळून परत पळाली, कारण समोरच्यांनी बॉल काढला पण व्हता.

तिथनं पुढं सगळे आत गेले असं न्हाई. अर्धे गेले. पण अर्धे म्हंजी लई व्हतात, आन् जे पुढच्या कडंला लागून परत यायचे ते घ्यायला तेजल खाली उभीच व्हती. तिला दोन वर्षांची सवय, अश्विनीचा बॉल कुठं पडतो ह्याची. शेवटचा भाग सुरू व्हताना बरोबरी. मी कवाचा उभाच व्हतो, ते मला नंतर कळलं. चार पॉइंटनी जिंकलो.

पोरी एकमेकींच्या गळ्यात पडल्या. मॅडम रडत व्हत्या आन् रडत रडतच पुस्तक शोधत व्हत्या, का ते त्यांनाच म्हाईत. मी गाडीपाशी जाऊन उभा राहिलो. माझं तिथं काय काम? ज्यानं दोन वर्षं हरवलं त्यानं नाचायला जाऊ नये, असं मला वाटलं.

थोड्या वेळानं अश्विनी आली. घामानं भिजलेली, बुटाच्या नाड्या सुटलेल्या. पेढा द्यायला आली असंल असं वाटलं. तसलं काय नव्हतं.

"दादा," ती म्हणली, "आधीची दोन वर्षं राहिलीच ना पण."

मी म्हणलं, "राहिली."

"ती काय परत येणार न्हाईत."

"न्हाई."

तिनं वाकून नाड्या बांधल्या. दोन्ही बुटांच्या, सावकाश. मग उठून म्हणली, "उद्या दहाला मॅच हाय, पुण्याची टीम. साडेसहाला निघायचं. उशीर करू नका."

माझ्या वर्कशॉपात दोन गेटं अर्धी पडली व्हती. शनिवारी सव्वासहालाच मी कॉलेजच्या फाटकावर गाडी लावली. धुकं व्हतं, समोरचं दिसत नव्हतं, पण आतनं आवाज येत व्हता. बॉल आपटल्याचा. ती माझ्या आधी आली व्हती.